कोर्ट उठेपर्यंत

“यात उघाडी कुठे आहे?” मी विचारलं.

इरावती मॅडमनी वाचायचं थांबवून कागद गुडघ्यावर ठेवला. जिनिव्हातल्या एका लहानशा हॉटेलची ती खोली. खिडकीपाशी एकच खुर्ची होती, तिच्यावर त्या बसल्या होत्या. मी पलंगावर, अंगात त्यांनीच दिलेला लोकरीचा कोट. दुसऱ्या दिवशी मला तिथल्या एका समितीपुढे बोलायचं होतं. बोलायचं ते इंग्रजीत लिहून तयार होतं आणि मॅडम त्याचं मराठी करून मला ऐकवत होत्या.

“उघाडी घेतलेली नाही, कुंदाताई,” त्या म्हणाल्या.

“पण खांड तर तिथूनच गेली.”

“मला माहीत आहे.”

“मग?”

त्यांनी चष्मा काढून पुसला. त्या मुंबईच्या वकील, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी लहान. खोटं बोलणारी बाई नव्हती ती. आजही माझं मत तेच आहे.

उघाडी म्हणजे काय ते आधी सांगायला हवं. आमचं डोंबेखार रायगडात, खाडीच्या काठाला. गावाची भातशेती भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा लांबच लांब बांध, आणि बांधाच्या पोटात एक दार. ओहोटीला ते उघडतं आणि पावसाचं पाणी बाहेर जातं. भरती आली की पाण्याच्या रेट्यानं आपोआप मिटतं, खारं पाणी आत येत नाही. ते दार म्हणजे उघाडी. पूर्वी बांध आणि उघाडी गावच राखायचं. मग बांध सरकारी झाला, एका खात्याच्या ताब्यात गेला, आणि उघाडीची फळकुटं कुजायला लागली. मी पाच वर्षं सरपंच होते, त्यात या एका दारासाठी जेवढे हेलपाटे घातले तेवढे दुसऱ्या कशासाठी घातले नाहीत. साहेब बदलत गेले, दार तेच राहिलं.

आणि मग श्रावणातल्या अमावास्येचं ते उधाण आलं. एवढं पाणी हिराजीनानांनीही पाहिलं नव्हतं, आणि नाना तेव्हा सत्तरीला आलेले. उघाडीचं दार आतल्या बाजूला उखडलं, त्याच्या शेजारचा बांध खचला आणि खांड गेली. बांधाला असं भगदाड पडतं त्याला आमच्याकडे खांड म्हणतात. पोटरीला आलेलं सगळ्या गावाचं भात खाऱ्या पाण्यात उभं राहिलं, आणि आठ दिवसांनी आडवं झालं.

मॅडम त्यानंतर आमच्याकडे आल्या. त्यांच्या संस्थेचं काम समुद्रकाठच्या गावांचं होतं. त्यांनी आम्हाला समाजमंदिरात बसवून समजावून सांगितलं होतं की जगातल्या देशांनी मिळून एक करार केला आहे. कारखान्यांचा, गाड्यांचा, विजेच्या भट्ट्यांचा धूर अमुक इतका कमी करू असा शब्द एकमेकांना दिला आहे. तो शब्द मोठ्या देशांनी पाळलेला नाही, म्हणून हवा तापते आणि समुद्र चढतो. काही लहान बेटांच्या देशांनी एका समितीपुढे तक्रार केली आहे. जिथे जिथे पाणी शिरलं तिथल्या लोकांचंही समिती ऐकून घेणार आहे. गावानं मला पाठवायचं ठरवलं. हिराजीनाना गावकीचे प्रमुख. ते एवढंच म्हणाले, “बाय, जा. काय झालं ते सांग. आपल्याला कुनाची भीक नको, बांध पायजे.”

“हे बघा,” मॅडम आता म्हणाल्या, “उद्या तिथे प्रश्न दोनच आहेत. समुद्र चढला का, आणि ज्यांनी धूर कमी करायचं कबूल केलं त्यांनी तो केला का. आपण उघाडी काढली की ते सगळे त्या दारातून बाहेर पडतील. म्हणतील, तुमच्याच सरकारनं दार दुरुस्त केलं नाही, आमचा काय संबंध.”

“मग उघाडीचं बोलायचं कुठे?”

“घरी. खात्याविरुद्ध तुमचा भरपाईचा दावा चालू आहेच. तिथे उघाडीचं बोला. तिथे समुद्राचं काढू नका.”

“तिकडे उघाडी आणि इकडे समुद्र.”

“हो.”

“पाणी तर एकच होतं, मॅडम.”

त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, “पाणी एकच होतं. न्यायासनं दोन आहेत. प्रत्येकाला आपल्या हद्दीतलं तेवढंच ऐकू येतं. हे मी केलेलं नाही, ताई.”

मी मॅडमकडून पुन्हा एकदा सगळं वाचून घेतलं. त्यात लिहिलेलं काहीच खोटं नव्हतं. उधाणाचं पाणी कसं वर्षागणिक चढत गेलं, दहा-बारा वर्षांत कोणती खाचरं आधी गेली, खाऱ्या जमिनीत येणाऱ्या राता भाताचं बी गावातून कसं संपलं, हे सगळं मीच त्यांना सांगितलं होतं. मी सही केली.

समितीचं सभागृह मोठं होतं, आणि आत इतकं शांत की कपबशीचा आवाज दूरवर जायचा. माझ्याआधी एका बेटावरचा माणूस बोलला. त्याचं बोलणं मॅडम हळू आवाजात मला सांगत होत्या. समुद्र कबरस्तानात शिरला म्हणून त्यानं स्वतःच्या हातानं बापाची हाडं काढून दुसऱ्या बेटावर नेली होती. बोलताना तो खाली बघत नव्हता, समोर बसलेल्या प्रत्येकाकडे आळीपाळीनं बघत होता. त्याला कोणी प्रश्न विचारला नाही. त्याचे आभार मानले गेले.

मी मराठीत बोलले आणि मॅडमनी त्याचं इंग्रजी केलं. माझं संपल्यावर एका मोठ्या देशाचा प्रतिनिधी उभा राहिला. केस पिकलेले, बोलणं मृदू. आधी त्यानं माझ्या गावाबद्दल दुःख व्यक्त केलं. मला वाटतं ते त्याला खरोखर झालंही असेल. मग म्हणाला, करारानं आमच्या देशावर जे जे बंधन खरोखर घातलं आहे ते आम्ही पाळलं आहे. आणि मग त्यानं विचारलं, “तुमच्या बांधात पाणी सोडायचं एक दार होतं, बरोबर?”

त्यानं काय विचारलं ते मला कळायच्या आधी मॅडमच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी प्रश्न जशाचा तसा मराठीत सांगितला, पण माझ्याकडे न बघता.

“होतं,” मी म्हणाले.

“त्या दिवशी ते दार कोणत्या अवस्थेत होतं?”

सभागृहात शंभरावर माणसं असतील. मला त्यातलं कोणी दिसत नव्हतं. डोळ्यांपुढे ती फळकुटं आली, चिखलानं काळी पडलेली, बोट घातलं तर बोट आत जाईल अशी.

“कुजलेलं होतं,” मी म्हणाले. “पण साहेब, दार नवं होतं तेव्हाही दोनदा पाणी बांधावरून आत आलं आहे. माझ्या सासऱ्यांच्या काळात असं एकदाही झालं नव्हतं. दार मोडकं होतं हे खरं. समुद्र चढलेला होता हेही खरं. दोन्ही लिहा.”

मॅडमनी सगळं सांगितलं, एक शब्द गाळला नाही. त्यानं मान हलवली, आभार मानले आणि खाली बसला. बसल्यावर त्यानं एकच ओळ लिहिली. ती दोन्हींची नसणार हे मला तिथूनही कळलं.

बाहेर आल्यावर आम्ही ट्रामच्या थांब्यावर उभ्या होतो. रस्ते इतके स्वच्छ की कागदाचा कपटा टाकायची लाज वाटावी.

“मी चुकले का?” मी विचारलं.

“नाही. तुम्ही खरं बोललात. माझा राग तुमच्यावर नाही.”

“तो म्हणाला, बंधन घातलं तेवढं आम्ही पाळलं. तुम्ही तर म्हणत होता त्यांनी मोडलंय.”

“करारात दोन तऱ्हेची वाक्यं आहेत. एकात लिहिलंय, देश अमुक करील. दुसऱ्यात लिहिलंय, देशानं अमुक करावं. करील असेल तर बांधिलकी, करावं असेल तर नुसती इच्छा. धूर कमी करायचं जे महत्त्वाचं कलम आहे ना, तिथे ‘करावं’ आहे. त्या एका शब्दासाठी शेवटच्या दिवशी सगळे अडून बसले होते. ‘करील’ लिहिलं असतं तर निम्मे देश सही न करता उठून गेले असते.”

“आणि जिथे ‘करील’ आहे ते मोडलं तर?”

“समिती चिंता व्यक्त करते.”

“मग?”

“मग पुढच्या वर्षी सगळे पुन्हा भेटतात.”

ट्राम आली. आम्ही चढलो. मॅडमनी माझं तिकीट काढलं.

मी गावी परतले तेव्हा खांड होती त्याहून रुंद झाली होती. मी निघाले तेव्हा एक बैलगाडी आडवी बसेल एवढी होती, आता तिच्यातून होडी आरामात आत यायची. तसं पाहिलं तर गावानं ती पहिल्याच पंधरवड्यात बुजवली असती. बांबू, पेंढा, चिखल आणि घरटी एक माणूस एवढंच लागतं, आणि ते कसं करायचं हे नानांना ठाऊक होतं. दावा लावल्यावरच्या पहिल्या ओहोटीलाच ते माणसं घेऊन बांधावर गेलेही होते. खात्याच्या साहेबांनी अडवलं. बांध सरकारी आहे, भरपाईचा दावा तुम्हीच लावलाय, आता निकालापर्यंत जागेला हात लावलात तर पुराव्यात ढवळाढवळ केल्याचा गुन्हा होईल. नानांनी माणसं परत फिरवली. कायद्याला मानणारा माणूस. “निकाल लागू दे,” म्हणाले. “एवढं थांबलो, अजून थोडं.”

दाव्याची सुनावणी मे महिन्यात अलिबागला झाली. एका मोठ्या साहेबांपुढे, सरकारी कचेरीत. आमच्या बाजूनं पेणचा वकील होता. नाना पुढच्या बाकावर, धुतलेलं धोतर, डोक्याला टोपी. गावातली पंचवीस-तीस माणसं बाहेर व्हरांड्यात. मी उघाडीबद्दल सगळं सांगितलं. किती वेळा गेले, कोणाला भेटले, कोण काय म्हणाले. साहेब नीट ऐकत होते, टिपून घेत होते. मला वाटलं, इथे तरी जमलं.

मग खात्याचा वकील उठला. त्यानं माझ्यापुढे छापील पानं ठेवली.

“ही सही तुमची का, बाई?”

ती जिनिव्हातली पानं होती. समितीनं ती सगळ्या जगाला वाचता येतील अशी ठेवली होती.

“माझी,” मी म्हणाले.

“यात तुम्ही म्हणता, समुद्राची पातळी वाढल्यामुळे आणि त्याला जगातले देश जबाबदार असल्यामुळे आमच्या गावात पाणी शिरलं. बरोबर?”

“हो, पण—”

“यात उघाडी हा शब्द कुठे आहे दाखवा.”

“तो नाही त्यात. पण मला तिथे विचारलं तेव्हा मी सांगितलं. दार कुजलेलं होतं, असं मी तोंडानं सांगितलंय त्यांना.”

“त्या तोंडी उत्तरांची प्रत तुमच्याकडे आहे?”

आमच्या वकिलानं मान हलवली. ती प्रत समितीनं छापली नव्हती.

“म्हणजे लेखी निवेदन एवढंच. यातलं काही खोटं आहे का?”

“खोटं नाही. अर्धं आहे.”

“खोटं आहे की नाही तेवढं सांगा.”

मी साहेबांकडे पाहिलं. ते पेन उघडं धरून थांबले होते.

“नाही,” मी म्हणाले.

वकील साहेबांकडे वळला. “साहेब, ज्या बाई आज म्हणतात खात्याच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झालं, त्यांनीच सगळ्या जगापुढे जाऊन सांगितलंय की हे जगाच्या हवामानामुळे झालं. समुद्र चढला तर आमचं खातं काय करणार? हा आंतरराष्ट्रीय प्रश्न आहे.”

व्हरांड्यातून कोणीतरी शिवी दिली. शिपायानं दार लोटून घेतलं.

दावा फेटाळला गेला. निकालात लिहिलं होतं की नुकसान नैसर्गिक आणि जागतिक कारणांनी झालं असून ते खात्याच्या आवाक्याबाहेरचं होतं.

त्याच पावसाळ्यात मॅडमचा फोन आला. समितीचा अहवाल आला होता. बेटांबद्दल चिंता व्यक्त केली होती. आमच्यासाठी एक परिच्छेद होता. डोंबेखारच्या बाबतीत स्थानिक पातळीवर देखभालीत कसूर झाल्याचं साक्षीदारानं स्वतःच मान्य केल्यामुळे, नुकसानीचा किती भाग समुद्राच्या पातळीमुळे झाला हे ठरवता येत नाही.

“वाचून दाखवू का पूर्ण?” मॅडमनी विचारलं.

“नको,” मी म्हणाले.

नानांना सांगायला गेले तेव्हा ते ओटीवर जाळं शिवत बसले होते. शेत गेल्यापासून गावातली निम्मी माणसं खाडीत जाळी टाकायला लागली होती, निम्मी पेणला आणि पनवेलला रोजंदारीला जात होती. मी सगळं सांगितलं, दोन्ही निकाल. त्यांनी सुईतला दोरा दातानं तोडला.

“म्हंजे तिकडचे बोलतात इकडच्यांनी फोडला, नि इकडचे बोलतात तिकडच्यांनी.”

“हो, नाना.”

“नि दोघांनी तुजंच नाव सांगितलं.”

यात राग नव्हता, पण मला वाटत होतं की असता तर बरं. गावात इतरांनी तो धरलाच. कोणी तोंडावर बोललं नाही. माझ्या नवऱ्याला, मोरेश्वरला, चहाच्या टपरीवर एकानं विचारलं, “वहिनींना विमानाचं तिकीट कोणत्या देशानं दिलं?” त्यानंतर तो महिनाभर त्या बाजूला गेला नाही. मलाही कोणी काही विचारलं नाही.

खांड कोणी बुजवली नाही. गावाच्या अंगात आता ते बळ नव्हतं, आणि ती बुजवायच्या पलीकडे गेली होती. भरतीचं पाणी रोज शेतात यायचं आणि जायचं. दुसऱ्या वर्षी खाचरांच्या कडेनं तिवरं, कांदळं अशी खाऱ्या पाण्यातली झाडं उगवली. त्यांच्या लांबोळक्या शेंगा पाण्याबरोबर येतात आणि चिखलात उभ्या रुतून बसतात. पाच-सहा वर्षांत ती डोक्याच्या वर गेली. बांधावरून पाहिलं की जिथे भात असायचं तिथे काळपट हिरवं रान दिसायचं. मग एक दिवस मोजणीची माणसं आली, वरून फोटो काढणारं उडतं यंत्र घेऊन. आमच्या शेतांचं कांदळवन म्हणून रेखांकन झालं. सातबाऱ्यावर नाव आमचंच राहिलं, पण त्यावर जी झाडं आली होती ती कायद्यानं राखीव झाली. तोडायला बंदी.

नानांचं एक खाचर जरा उंचावर होतं, गावाच्या अंगाला. तिथे पाणी थोडंच यायचं. नाना त्याच्या भोवतीनं एकट्यानं बांध घालायला लागले. ऐंशीच्या घरात गेलेला माणूस, ओहोटी बघून कुदळ घेऊन जायचा. दोन पावसाळ्यांत त्या खाचरातलं मीठ धुऊन निघालं. कुठल्याशा नातेवाइकाकडून त्यांनी राता भाताचं मूठभर बी मिळवलं. पेरायच्या आधी खाचरात उगवलेली तिवरं त्यांनी कोयत्यानं काढली, गुडघ्याएवढी होती ती. तिसऱ्या दिवशी वनरक्षक पंचनामा करायला आला. एकतीस रोपं.

मी इरावती मॅडमना फोन केला. आमचं बोलणं बंद होऊन वर्षं झाली होती. त्या लगेच म्हणाल्या, “मी येते.” आल्या त्या पहिल्या एसटीनं, केस अर्धे पिकलेले, खांद्याला तीच पिशवी. प्रत्येक तारखेला आल्या आणि पैसे घेतले नाहीत.

शेवटच्या तारखेला नानांना पिंजऱ्यात उभं केलं. मॅजिस्ट्रेट तरुण बाई होत्या, चेहऱ्यानं शांत.

“तुम्ही कांदळवनाची झाडं तोडलीत असा आरोप आहे. कबूल आहे?”

“तोडली, ते कबूल,” नाना म्हणाले. “शेत माजं हाय, तेवढं तुमीपन कबूल करा.”

“शेत कोणाचं हा प्रश्न या कोर्टापुढे नाही, बाबा.”

मॅडम उठल्या. म्हणाल्या, ही जमीन पिढ्यान्‌पिढ्या भाताची आहे, बांध दुरुस्त न झाल्यामुळे ती बुडाली, झाडं त्यामुळे उगवली. हा गुन्हा नाही, शेतकऱ्यानं शेत साफ केलं आहे. त्यांचा आवाज जिनिव्हात होता तेवढाच ठाम होता. मॅजिस्ट्रेटबाईंनी ऐकून घेतलं. मग सरकारी वकील उठला.

“मी एवढंच निदर्शनास आणतो,” तो म्हणाला, “की हे साधं वृक्षतोडीचं प्रकरण नाही. हवामानाच्या करारात आपल्या देशानं जगाला शब्द दिलेला आहे, धूर शोषून घेणारं वन वाढवू म्हणून. त्या शब्दाप्रमाणे जे वाढीव कांदळवन आपण दाखवलं आहे, त्यात डोंबेखारचं हे क्षेत्र मोजलेलं आहे. देशाच्या आंतरराष्ट्रीय बांधिलकीचा प्रश्न आहे. आरोपीला दया दाखवली तर चुकीचा संदेश जाईल.”

मी मॅडमकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

“हे खरं आहे?” मी हळूच विचारलं.

“खरं आहे,” त्या म्हणाल्या. “देशानं तिकडे दिलेला अहवाल मी वाचलाय. मुदतीच्या आधी पूर्ण केलं म्हणून कौतुक झालं तिथे. डोंबेखार त्यात असेल हे मात्र माझ्या लक्षात आलं नव्हतं.”

मॅजिस्ट्रेटबाईंनी वयाचा विचार केला. थोडा दंड आणि कोर्ट उठेपर्यंत कैद, एवढीच शिक्षा दिली. कोर्ट उठेपर्यंत म्हणजे त्या दिवसाचं कामकाज संपेपर्यंत कोर्टातच, पोलिसाच्या नजरेखाली बसून राहायचं. तुरुंगात जायचं नाही. मॅडम म्हणाल्या, याहून कमी कैद कायद्यात नाही.

दंड गावानं भरला. कोणी माझ्याशी बोललं नाही, पण त्यात माझाही वाटा घेतला.

नानांना मागच्या भिंतीशी एका बाकावर बसवलं. आम्ही दोघी त्यांच्या दोन बाजूंना बसलो. पोलीस म्हणाला, बोलू नका. थोड्या वेळानं तोच बाहेर जाऊन नानांसाठी पाणी घेऊन आला. पुढे एकामागून एक प्रकरणं चालू होती. मोटारसायकलची चोरी, भावाभावांतली मारामारी, दारूच्या बाटल्या. पंखा फिरत होता. नाना ताठ बसून होते, हात मांडीवर, प्रत्येक नाव पुकारलं की त्या माणसाकडे बघायचे. एकदा उठून पोलिसाला विचारलं, लघवीला जाऊ का. पोलीस त्यांच्याबरोबर गेला आणि बरोबर घेऊन आला. परत आल्यावर नाना आधी होते त्याच जागी बसले, फरशीवर पाय आधीसारखेच जुळवून.

दुपार कलली. मॅडमना एकदा फोन आला, त्या बाहेर जाऊन आल्या. त्यांना पुढच्या आठवड्यात पुन्हा बाहेरदेशी जायचं होतं. त्या वर्षीची परिषद होती.

“अजून जाता?” मी विचारलं.

“जाते.”

“काही होतं का?”

“एका मोठ्या देशानं करार सोडलाय,” त्या म्हणाल्या. “नोटीस दिली, मुदत भरली, बाहेर पडला. करारातच तशी सोय आहे.”

नानांनी मान वळवली. त्यांना कमी ऐकू यायला लागलं होतं, पण हे त्यांनी ऐकलं होतं.

“सही केलेली होती ना त्येंनी?”

“केली होती, नाना,” मॅडम म्हणाल्या.

“नि मग सोडला, तं त्येंला काय केलं?”

“काही नाही. खेद व्यक्त केला.”

“नि आमी सही कदी केलती?”

मॅडम नानांच्या कानाशी वाकल्या.

“तुम्ही नव्हती केली,” त्या म्हणाल्या.

“पोलीसबाबा बोलू नका बोललाय,” नाना म्हणाले आणि पुन्हा समोर बघायला लागले.

बऱ्याच वेळानं मॅजिस्ट्रेटबाई उठल्या, सगळे उभे राहिले. नानाही उभे राहिले. बाई आतल्या दारानं गेल्या, कारकून कागद बांधायला लागला, लोक बाहेर पडले. नाना तसेच उभे. पोलीस म्हणाला, “झालं, बाबा. जा आता.”

“उठलं ना कोर्ट?” नानांनी विचारलं. “नक्की उठलं? मागनं कोन काय बोलायला नको.”

“उठलं, उठलं.”

त्यांनी टोपी नीट केली. दारापर्यंत आले आणि थांबून मला विचारलं, “बाय, तू तिकडं ज्या लोकांम्होरं बोललीस, त्यातल्या कुनाला कदी असं बसवलं का गं? एक दुपारभर तरी?”

“नाही, नाना,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली, बरोबर आहे अशा अर्थानं, आणि पायऱ्या उतरायला माझा हात मागितला.